काळ्या पॉलिशखाली

पॉलिशबाई जिना चढून वर आली तेव्हा तिच्या एका हातात गिटारीची पेटी होती आणि दुसरा हात कठड्यावर होता. धाप लागली होती, तरी अंगठा आपलं काम करतच होता. व्हार्निशचे दोन हात, तेही घाईत मारलेले. खाली लाकूड साधंच. एकतीस वर्षं लोकांच्या टेबलांवरून, कपाटांवरून, पियानोंवरून पॉलिशचा कापडी बोळा फिरवून तो अंगठा असा तयार झाला होता की डोळ्यांच्या आधी तोच पोहोचायचा, आणि डोळे मागाहून नुसता होकार द्यायचे.

वरच्या मजल्यावर जो माणूस बसायचा त्याला वाजवणारी सगळी मंडळी पारखी म्हणायची. जुनी गिटार कुठल्या कारखान्याची, कुठल्या सालची, खरी की बनावट, आणि आज तिचं मोल काय, हे सांगून तो सहीनिशी कागद द्यायचा. तो कागद नसला तर जुन्या गिटारीच्या दारात गिऱ्हाईक उभं राहत नाही.

“या बाई. पेटी टेबलावर ठेवा. झाकण मी उघडेन.”

“का हो? आत साप आहे?”

“असतो कधीकधी,” पारखी म्हणाला. त्याच्या नाकावर एक चष्मा होता आणि कपाळावर दुसरा. “गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पणजोबांची म्हणून घेऊन आले. पणजोबा वारल्यावर वीस वर्षांनी जन्मलेली निघाली. मी म्हटलं, पणजोबांची हौस दांडगी.”

पॉलिशबाई हसली आणि खुर्चीवर बसली. खोली लांबट होती. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी. कुणाची तार नाही, कुणाची मान नाही, कुणाच्या पोटातल्या वायरी बाहेर लोंबताहेत. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसांसारख्या सगळ्या गप्प.

ती जी गिटार घेऊन आली होती ती तिची नव्हती, दादाची होती. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. नकाशे काढायच्या कचेरीत बसून तो आठवडाभर नद्यांना वळणं द्यायचा, आणि शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवायचा. ही सगळी जुनी गोष्ट. आता दादा एकसष्ट वर्षांचा झाला होता, आणि तो नि वहिनी मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. मुलीच्या घरात एक खोली मिळणार. त्या खोलीत दोन माणसं, दोन ट्रंका आणि वहिनीचं शिलाईचं मशीन. गिटार कुठे मावायची? आणि दादा ती वाजवत तरी कुठे होता? उणीपुरी अठ्ठावीस वर्षं ती पेटीतच पडून होती. विकायचं ठरलं. परवा कोणी माणसं बघायला येणार होती, त्यांना कागद हवा होता.

“तूच घेऊन जा, चिमे,” दादा म्हणाला होता. चोपन्न वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता. “तुझ्याच हातची आहे ती.”

म्हणूनच ती आनंदाने आली होती. खरं सांगायचं तर तिला किंमत ऐकायची नव्हती, तिला कौतुक ऐकायचं होतं. ती गिटार म्हणजे तिचं पहिलं स्वतःचं काम. त्यानंतर शेकडो कामं झाली, पण तसं दुसरं झालं नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. वाद्यातलं कळणाऱ्या माणसाने ती उन्हाला धरावी आणि म्हणावं, वा! एवढ्यासाठी तिने दुपारची दोन गिऱ्हाइकं उद्यावर ढकलली होती.

पारख्याने झाकण उघडलं.

आतून काळं पाणी लकाकावं तशी गिटार लकाकली. खिडकी तिच्यात दिसत होती, खिडकीतलं झाड दिसत होतं, झाडावरचं पान हललं तेसुद्धा दिसलं.

“अरे वा,” पारखी म्हणाला.

पॉलिशबाईने पदर उगीचच सारखा केला.

“कुणाची म्हणालात?”

“भावाची. त्याला त्याच्या बँडमास्तरांनी दिली. मास्तरांनी बरीच वर्षं वाजवली होती, मग त्यांची बोटं चालेनात, तेव्हा ह्याला बोलावून हातात ठेवली.”

“फुकट?”

“दोन महिन्यांच्या पगारात. पण मास्तरांना दुसरा कोणी चौपट द्यायला तयार होता.”

“म्हणजे फुकटच.”

त्याने तारा सोडल्या. पाठ वर करून चार स्क्रू काढले आणि गिटारीची मान अलगद धडापासून वेगळी केली, जशी बाई बाळाच्या डोक्याखालून हात काढून घेते. मानेचं टोक त्याने तिच्यापुढे धरलं. कच्च्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: महिना, साल, आणि खाली एक वेलांटीसारखी खूण.

“जन्मतारीख. ज्या कामगाराने ही मान घडवली त्याने घरी जायच्या आधी लिहिलेली. ही खूण त्याची.” पारख्याचा आवाज मऊ झाला होता. “बनावट करणारे सगळं करतात, पण पेन्सिल फार ठळक मारतात. खऱ्या माणसाला घरी जायची घाई असते.”

मग त्याने तोंडावरची पांढरी प्लास्टिकची पाटी धरून ठेवणारे स्क्रू एकेक करून काढले. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला, त्याच जागी कागदावर मांडला. हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, असं पॉलिशबाईच्या मनात आलं. पाटी उलटी झाली. आवाजाच्या बटणाखाली नाण्याएवढ्या डब्या होत्या, त्यांवर बारीक आकडे ठोकलेले. पारख्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला.

“जुळतंय. मानेच्या आधी तीन महिने. आणि हे सोल्डर बघा, थेंबासारखं गोल. कुणाचा हात लागलेला नाही. बाई, अस्सल आहे हो. बावनकशी!”

तिच्या छातीत काहीतरी फुललं. आता अंगावरच्या पॉलिशचं बोलेल, तिला वाटलं. आता.

पारख्याने छोटी बॅटरी घेतली आणि पाटीखालच्या खोलगट खाचेत उजेड टाकला. तिथे वायरी बसायच्या, तिथे काही झकपक असायचं कारण नव्हतं. तो वाकला. आणखी वाकला. मग बॅटरी तशीच धरून राहिला.

“काय झालं?” ती म्हणाली.

“हे निळं.”

तीही वाकली. खाचेच्या अगदी कोपऱ्यात, जिथे बोट जात नाही आणि पॉलिश पेपरही जात नाही, तिथे नखाएवढा रंग चिकटून राहिला होता. धुऊन धुऊन विरलेल्या शाळेच्या सदऱ्यासारखा निळा.

पॉलिशबाईला तो निळा चांगला आठवत होता. अंगभर असाच होता, फक्त उन्हाने हिरवट पडलेला. जागोजागी टवके उडालेले, केसासारख्या बारीक भेगा, आणि वरच्या कडेला, उजवा हात टेकतो तिथे, तळहाताएवढा झिजून पार लाकूड उघडं पडलेलं. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. पियानोंचं काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्षं शिकून झाली होती. दादाला पहिल्यांदाच शहरातल्या मोठ्या सभागृहात वाजवायचं बोलावणं आलं होतं, आणि तो ही असली खरूज झालेली गिटार घेऊन त्या उजेडात उभा राहणार होता! त्याआधी त्याला कचेरीने मोजणीच्या कामावर दोन आठवडे बाहेर पाठवलं. गिटार घरीच राहिली.

दोन आठवडे. सकाळी मिस्त्रीचं काम, दुपारनंतर हे. मिस्त्रीचा पहिला धडा होता की आधी लाकूड दिसलं पाहिजे, मग पुढचं बोल. तिने लाकूड दिसेपर्यंत घासलं. निळी पूड तिच्या केसांत, भुवयांत, चहाच्या कपात. मग खड्डे बुजवायला खळ, मग पुन्हा घासणं, मग काळ्या लाखेचे हात, एक बोळा सुकला की दुसरा, दुसरा सुकला की तिसरा, मनगट थांबू द्यायचं नाही, कारण थांबलं की वळ उठतो. मोठ्या पियानोला असतो तसला तो काळा. मिस्त्रीने शेवटच्या दिवशी येऊन गिटारीत आपली मिशी पाहिली आणि म्हणाला, आता माझ्याकडे येऊ नकोस, दुकान काढ.

दादा आला, पेटी उघडली. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “छान झालंय गं. फार छान झालंय.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

मोठ्या सभागृहात त्याने तीच वाजवली. तिसऱ्या वर्षी त्याने बँड सोडला. लोक म्हणाले, लग्न झालं. कोणी म्हणालं, कचेरीत बढती झाली. पॉलिशबाई कधीकधी बोळा फिरवता फिरवता विचार करायची की एवढा वाजवणारा माणूस, ह्याने का सोडलं असेल? पण हात थांबवून चालत नाही अशा कामात विचारही पुढे सरकत जातो.

“बाई,” पारखी म्हणाला. “हा निळा त्या कारखान्याने नेहमीचा म्हणून कधी केलाच नाही. कोणी मुद्दाम मागितला तरच. त्या साली किती केल्या असतील? मी उभ्या जन्मात दोन पाहिल्या. एक काचेच्या पेटीत होती.” त्याने बॅटरी विझवली. “ही निळी असती ना, तर हिच्यात दोन खोल्यांचं घर आलं असतं.”

“टवके उडालेली? झिजलेली?”

“झिजलेलीच! तेच तर मोल. कोपराशी झिजली होती का हो?”

“होती.”

“मग काय बोलायचं! तो वाजवणाऱ्याचा हात असतो. तो काय कारखान्यात मिळतो?” पारखी उठून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. त्याला राग आला होता, आणि तो राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस समोर नव्हता, असं त्याला वाटत होतं. “आणि काम बघा, काम! मी वाईट कामं पुष्कळ पाहिलीत. पण इतकं देखणं काम असं वाया गेलेलं पाहिलं नाही. ज्याने केलं त्याच्या हातात सोन्याचं कडं घालावं, आणि मग त्याला उन्हात उभं करून विचारावं की बाबा रे, तुला सांगितलं होतं कोणी?”

टेबलाच्या कडेवर तिचा अंगठा पुढे-मागे होत राहिला.

“एखाद्या अडाण्याने केलं असतं तर परवडलं असतं. त्याने निळ्यावरच काळं थापलं असतं आणि पैसे घेऊन गेला असता. ते मी महिनाभर बसून हळूहळू सोडवलं असतं, खालून निळी तशीच्या तशी बाहेर आली असती. पण हा पक्का कारागीर. लाकडापर्यंत गेला. काही म्हणून मागे ठेवलं नाही.”

तो पुन्हा बसला, गिटार फिरवून घेतली आणि थबकला.

“आणि हे काय आहे?”

पाटीने झाकून जाते त्या जागेत, जिथे पाटी बसवल्यावर कुणालाही दिसणार नाही अशा ठिकाणी, काळ्या पॉलिशमध्ये एक चौकोन खरवडलेला होता. टपालाच्या तिकिटापेक्षा लहान. चारी कडा सरळ. आत उघडं लाकूड, वर्षानुवर्षं वारा लागून मधासारखं पिवळं पडलेलं.

“ब्लेडने केलंय,” पारखी जवळून पाहत म्हणाला. “जुनं आहे. काळं करून झाल्यावर फार दिवसांनी नव्हे. हळू हळू थर काढलेत बघा, घाई नाही. माझ्या आधी कोणीतरी हेच शोधून गेलंय, बाई. खाली निळं शिल्लक आहे का ते. सापडलं नाही. मग पाटी लावून टाकली.”

पॉलिशबाईला तो चौकोन ओळखायला क्षणही लागला नाही. नकाशावर शाईची रेघ चुकली की ती रबराने जात नाही. अर्धं ब्लेड बोटांत धरून, कागदाला इजा न करता, तेवढीच जागा खरवडायची. दादाचा त्यात हातखंडा होता. घरी लहानपणी तिच्या वहीतल्या चुका तो असाच काढून द्यायचा, चौकोन करून, आणि म्हणायचा, घे, इथे कधी काही झालंच नव्हतं.

दादा बसला असेल, दाराला कडी लावून. एकेक थर काढत गेला असेल; काळं, त्याखाली काळं, त्याखाली खळ. आता निळं लागेल, आता लागेल. आणि मग लाकूड.

“ते काम माझं आहे,” ती म्हणाली.

“चौकोन?”

“पॉलिश.”

पारख्याने दोन्ही चष्मे काढले. त्यांच्याशिवाय तो बिचारा एकदम म्हातारा दिसायला लागला.

“मी बोललो ते...”

“बरोबर बोललात. कड्याचं तेवढं राहू द्या.”

“बाई, तुम्ही लहान असाल तेव्हा.”

“तेवीस वर्षांची होते. लहान नव्हते. विचारायला हवं होतं एवढं कळायचं वय होतं. विचारलं असतं तर नको म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं.” हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिलाच त्याचं नवल वाटलं.

पारख्याने मान जोडली, पाटी लावली, जुन्या तारा काढून ठेवून नव्या चढवल्या. त्याचे त्याने पैसे सांगितले नाहीत. मग कागद काढला आणि लिहायला लागला. साल, कारखाना, आतलं सगळं मूळचं. शेवटच्या ओळीशी तो अडला.

“इथे मला लिहावं लागतं. मूळ रंग निळा, पूर्ण काढलेला. नंतरचं काळं पॉलिश, करणारा अज्ञात.”

“अज्ञात कशाला? धाकट्या बहिणीने केलं असं लिहा.”

“कागदावर नाती लिहीत नाहीत हो.”

“मग पॉलिशबाई लिहा. गावात कुणालाही विचारलं तर माझं दुकान दाखवतील.”

त्याने तसं लिहिलं. खाली किंमत घातली. निळीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोहोचत नव्हती. “चांगलीशी मोटरसायकल येईल,” तो हळूच म्हणाला, आणि पेटी जिन्याखालपर्यंत आणून दिली.

दादाच्या घरी सगळीकडे खोकी होती. वहिनी जमिनीवर बसून काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती. दादा ट्रंकेवर बसून ते खोक्यात लावत होता, आणि वहिनी त्याने लावलेले पुन्हा काढून नीट लावत होती.

“आली का तज्ज्ञ मंडळी?” दादा म्हणाला. “काय म्हणतो पारखी?”

तिने कागद दिला. दादाने लांब धरून वाचला. निळा ह्या शब्दाशी त्याची नजर थांबली की नाही, हे तिने फार निरखून पाहिलं. थांबली नाही. किंवा त्या माणसाला नजर सांभाळता येत होती.

“मोटरसायकल येईल म्हणाला,” ती म्हणाली.

“ऐकलंस का गं?” दादाने वहिनीला हाक मारली. “मुलीकडे आगगाडीने नाही जायचं. तू मागे बस, शिलाई मशीन मांडीवर घे.”

“तुम्ही आधी ते पेले आडवे ठेवू नका,” वहिनी म्हणाली.

“दादा, पाटीच्या खाली ब्लेडने खरवडलंय.”

“कुठे?”

“गिटारीला. चौकोन आहे.”

“उंदीर असेल.”

“उंदीर चौकोनी कुरतडतो?”

“आमच्या कचेरीतला असेल. तिकडचे उंदीर शिकलेले होते.”

वहिनी हसली. पॉलिशबाईला हसू येईना. तिला एक वाक्य बोलायचं होतं, दादा मी चुकले. पण ते बाहेर यायला समोरच्याने थोडी वाट करून द्यावी लागते. दादा वाट देत नव्हता. एकतीस वर्षं त्याने ती वाट बंद ठेवली होती, आणि तीही अशी सफाईने की इथे कधी काही झालंच नव्हतं. आठ दिवसांनी तो जाणार होता. मग फोनवर काय बोलणार? तब्येत, हवा, नातवंडं.

“वाजव ना,” ती म्हणाली. “नव्या तारा टाकल्यात.”

“ह्या बोटांनी?”

“वाजवा की,” वहिनी म्हणाली. “परवा ती माणसं घेऊन जातील. मी तर लग्नानंतर दोनदा ऐकलं असेल नसेल.”

दादाने पेटी उघडली. गिटार मांडीवर घेतली, डावा हात मानेवर गेला, तारा जुळवून घेतल्या. मग उजवा हात वर आला आणि हवेतच राहिला.

पॉलिशबाई पाहत राहिली. कोपर, मनगट, सगळा हात गिटारीच्या काळ्या अंगापासून दोन बोटं वर तरंगत होता. नुसती बोटांची टोकं तारांना लागत होती. ताज्या रंगवलेल्या बाकाच्या कडेवर माणूस जसा टेकल्या न टेकल्यासारखा बसतो, तसा. सुरुवातीच्या चार सुरांतच दादाचा खांदा थरथरायला लागला.

“हात टेकव की, दादा.”

“असू दे.”

“असं कसं वाजवतोस? खांदा भरून येईल.”

“येतो ना. पण डाग पडेल गं,” दादा तारांकडे पाहतच म्हणाला. “घामाने लाखेवर पांढरा डाग पडतो. तूच नाही का सांगितलं होतंस?”

त्याच्या आवाजात काही नव्हतं. ना टोमणा, ना तक्रार. उंबऱ्यापाशी वाकून ये, डोकं लागेल, असं आपण घरच्या माणसाला सांगतो तसं तो बोलला होता.

आणि तिला आठवलं. पेटी उघडली त्याच दिवशी, डोक्यावरचा त्याचा हात खाली आल्यावर, ती हसत हसत म्हणाली होती, सांभाळून हं, हात टेकवलास तर बघ, डाग पडला तर पुन्हा चाळीस हात मारावे लागतील मला. गंमतीने म्हणाली होती. तिला वाटलं होतं, तो एक-दोनदा सांभाळेल आणि विसरेल. वाजवणारे सगळे विसरतात. नाचाचे कार्यक्रम चार-चार तास चालायचे. ती स्वतः कितीदा समोरच्या खुर्चीत बसली होती, आणि शेजारणीला सांगत होती, बघ, कशी चमकते! गिटारीकडे पाहत होती ती. हाताकडे तिने पाहिलं नव्हतं. तीन वर्षं शनिवारच्या शनिवार त्याने तो हात असा हवेत धरला, आणि मग एक दिवस धरवेना.

ती उठली. ट्रंकेपाशी गुडघ्यांवर बसली आणि दादाचं कोपर दोन्ही हातांत धरून तिने ते खाली दाबलं, काळ्या अंगावर.

“अगं, अगं. परवा बघायला येणार आहेत.”

“येऊ देत. वाजव.”

“चिमे, लहान आहेस का?”

“वाजव म्हणते ना.”

वहिनीने पेला तसाच अर्धा गुंडाळलेला हातात धरला. दादाने वाजवायला घेतलं. कुठलीशी जुनी चाल होती, बँडमध्ये शेवटच्या नाचाला वाजवायचे ती. बोटं आखडली होती, मधेमधे सूर गळत होते, गळला की तो मागे जाऊन पुन्हा धरायचा. पण खरी अडचण बोटांची नव्हती. हात ठरत नव्हता. पॉलिशबाईने सोडल्याबरोबर तो त्या आरशासारख्या काळ्यावरून घसरायला लागला, वर सरके, खाली सरके, बसायला जागा शोधे. त्या कडेवर एक जागा होती कधीकाळी, मास्तरांच्या हाताने घासून घासून हातासाठीच झालेली. तिने खळ भरून ती बुजवली होती. चांगली बुजवली होती. आज तिच्या अंगठ्यालासुद्धा ती नेमकी कुठे होती ते सांगता आलं नसतं.

चाल अर्ध्यावर आली आणि दादा थांबला. दम लागला होता. हसला, म्हणाला, “पुढचं नाही आठवत.” आणि घाईने हात उचलून, सदऱ्याच्या बाहीने, हात होता ती जागा पुसायला लागला. जोराने नाही, गोल गोल, अलगद, बोळा फिरवावा तसं. हे तो तिच्याकडे पाहून शिकला असणार.

मग त्याने गिटार खिडकीकडे वळवली. त्याचे डोळे आता बारीकसारीक पाहू शकत नव्हते. त्याने ती तिच्यापुढे धरली.

“बघ गं नीट. पडला का डाग?”

उजेड तिरपा येत होता. काळ्यावर खिडकीबाहेरचं झाड होतं, आकाश होतं, आणि झाडावर, बरोबर मधोमध, फुंकर मारल्यासारखी एक धुरकट पांढरी छाया उमटली होती, मनगटाएवढी. आणखी पुसून ती जाणार नव्हती. लाखेची जात तिला ठाऊक होती.

“नाही,” पॉलिशबाई म्हणाली. “काही नाही पडला.”

“बरं झालं,” दादा म्हणाला, आणि पेटीचं झाकण लावून त्याने एकेक खटका बंद केला.